लाडवाचा ठराव

आमच्या सूनबाई खाऊचा पुडा विकत घेतला की आधी तो उलटा करतात. मागं बारीक अक्षरांत मीठ किती, तेल किती, साखर किती ते छापलेलं असतं. चष्मा कपाळावर सारून त्या ते वाचत बसतात, तोवर नातू अर्धा पुडा संपवतो. मग जेवताना घरात वाद पेटतो. सूनबाई म्हणतात, सरकारनं या जंक फूडवर कडक कायदा करावा. मुलगा म्हणतो, लोकांनी काय खावं हे सरकारनं कशाला सांगायचं? आणि मग दोघंही माझ्याकडं बघतात, कारण मी निवृत्त शिक्षिका आणि निवृत्त शिक्षिकेला सगळ्या गोष्टींवर मत असावं लागतं. मला ते आहेच. कायदा करावा, खुशाल करावा, चांगला दणदणीत करावा. आमच्या गावात तो एकदा झाला होता. त्यानं पोरांच्या दातांचं काय झालं ते मला नीटसं सांगता येणार नाही, पण माझ्या मायचं काय झालं ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमचं गाव नळदुर्ग आणि उमरग्याच्या मधलं, हैदराबादचा रस्ता सोडून आत वळलेलं. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं असतील. मी त्याच गावच्या शाळेत नुकती मास्तरीण झाले होते आणि माझी माय त्याच शाळेच्या फाटकासमोर खाऊ विकत होती. वडील गेल्यापासून तिनं तिथं बसायला सुरुवात केली होती. त्या विक्रीवर मी शिकले, डीएड झाले आणि नोकरीला लागले, तरी ती तिथून उठायला तयार नव्हती. "तू आतून शिकीव, म्या बाहीरून शिकीवते," असं ती म्हणायची. ती काय शिकवत होती ते विचारायची माझी टाप नव्हती.

तिच्यापुढं तीन बरण्या असायच्या. लिंबाच्या चवीच्या गोळ्या, गुलाबी-हिरव्या बडीशेपेच्या गोळ्या, कागदात गुंडाळलेली चिंच, आणि मोठ्या पिशवीत पिवळ्याजर्द नळ्या. पोरं त्या नळ्या आधी पाचही बोटांत घालायची, एकमेकांना मारायची आणि मग खायची. सगळा माल नळदुर्गच्या होलसेल दुकानातून यायचा. सुट्टीची घंटा झाली की फाटकावर असा गलका व्हायचा की वर्गात मला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या लिंबाच्या गोळ्या आवडायच्या. पदराआड एक गालात ठेवून मी पाढे शिकवलेत.

आमचं घर बौद्धांचं. वस्ती ओढ्याच्या पलीकडं. हे सांगायची गरज अशासाठी की मायच्या बरण्यांपुढं सगळ्या गावाची पोरं यायची, ओढ्याच्या अलीकडचीही आणि पलीकडचीही. पोरं स्वतःच बरणीत हात घालायची आणि स्वतःच घ्यायची. कुणाची आई काही बोलली नाही, कारण माल दुकानचा होता. गोळी कारखान्यात झालेली. तिला कुणाकुणाचा हात लागला हे विचारायला कुणी जात नव्हतं. मोठ्या दुष्काळात खडी फोडताना सगळ्या गावानं एका रांगेत बसून सरकारी सुकडी खाल्ली होती, पण पाऊस पडल्यावर रांगा पुन्हा वेगळ्या झाल्या. मायच्या बरणीपाशी मात्र रांग एकच होती. मला त्याचं अप्रूप वाटायचं. मायला वाटत असलं तर ती दाखवत नव्हती.

तेवढ्यात गावात नवा डॉक्टर आला. कोल्हापूरकडचा, गोरापान, अजून लग्न न झालेला आणि म्हणून कामाचा फार उत्साह असलेला. शाळेत तपासणीला आला आणि पहिल्याच पोराला म्हणाला, "आ कर." पोरानं आ केलं. जीभ हिरवीगार! डॉक्टरचा चेहरा उतरला. दुसऱ्याची जीभ गुलाबी, तिसऱ्याची पिवळी. त्यानं घाईघाईनं हेडमास्तरांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, गावात कुठली साथ आहे का. हेडमास्तरांनी खिडकीतून फाटकाकडं बोट दाखवलं. मी भिंतीकडं तोंड करून हसत होते आणि माझी स्वतःची जीभही त्या क्षणी पिवळी होती.

पण दात पाहिल्यावर डॉक्टर हसण्यावारी नेईना, आणि त्याचंही चूक नव्हतं. पोरांच्या दाढा काळ्या पडल्या होत्या. गावात दूध संस्था निघाल्यापासून सकाळचं दूध कॅनमध्ये भरून उमरग्याकडं जात होतं, आणि दुधाचे सुटे पैसे पोरांच्या हातात येऊन मायच्या बरणीकडं जात होते. दूध गावाबाहेर आणि गोळ्या गावात, असा उलटा व्यवहार झाला होता. डॉक्टर ग्रामसभेत हे मांडणार असं ठरलं.

ग्रामसभा शाळेच्याच पटांगणात भरली. खुर्चीवर डॉक्टर, हेडमास्तर आणि दूध संस्थेचे चेअरमन. चेअरमन म्हणजे आमच्या गावात सरपंचाहून मोठा माणूस. उंच, भरघोस मिशांचा, मनानं दिलदार आणि बोलायची भारी घाई असलेला. डोक्यात विचार यायच्या आत त्यांच्या तोंडातून शब्द निघालेले असायचे. दूध संस्थेमुळं त्यांना सगळीकडं फॅट दिसायचं. लग्नाच्या जेवणात बासुंदी वाढली तरी ते आधी चमचा तिरका करून बघत.

डॉक्टर बोलला. रंग काय करतो, साखर काय करते, नळ्यांत काहीच ताकद कशी नसते. चेअरमनांनी मधेच एक नळी मागवून घेतली, बोटांनी चुरली, उजेडात धरली आणि जाहीर केलं, "हिच्यात फॅट न्हाय!" सभेनं मान डोलावली.

मग एक म्हातारे उठले. म्हणाले, "साहेब, दुष्काळात सरकारनं आमाला मिलो खायाला दिला. लाल जवारी. लई ताकदीची हाय म्हनले. माझी म्हातारी तिच्या भाकरी थापताना सरकारला शिव्या द्यायची, आन् म्या खाताना. सरकारनं खान्यात पडू न्हाय. पोटाला काय पायजे ते पोटाला कळतं."

"पोटाला कळतं, जिभेला कळत न्हाय," कुणीतरी मागून म्हणालं.

"आन् तुज्या पोराची दाढ कुणी खाल्ली? सरकारनं?" तिसऱ्यानं विचारलं.

मग जो गोंधळ माजला तो आमच्या घरात आज माजतो तसाच. कुणी म्हणे बंदी घाला, कुणी म्हणे पोरांच्या आनंदावर विरजण घालू नका. हेडमास्तरांनी शेवटी सरळ सुचवलं की फाटकासमोर काहीच विकू द्यायचं नाही, म्हणजे भानगडच मिटली. मी शिक्षकांच्या बाकावर बसले होते. माझ्याच आईचा धंदा म्हणून मी तोंड उघडणं बरं दिसलं नसतं. माय पायरीपाशी बायकांच्या शेवटच्या ओळीत होती. ती उठली.

"मंजी म्या तिथं बसू का नगं, येवढंच सांगा."

चेअरमनांना ती जागा जाणं पटलं नसावं. माझे वडील त्यांच्या शेतात राबले होते आणि ते हे विसरलेले नव्हते. ते तटकन म्हणाले, "बस की! कोन म्हनतंय नगं? पर ताकदीचं इक. शेंगदान्याचं लाडू कर घरी, घुगऱ्या कर. फाटकावर जे इकायचं ते ताकदीचंच, बाकी बंद. हा झाला ठराव. हात वर करा!"

सगळे हात वर झाले. डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या. ग्रामसेवकानं लिहून घेतलं. आणि मग, बघता बघता, सभा गप्प झाली. एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला आणि तो चेहऱ्यावर दिसत गेला. लाडू कर घरी, असं चेअरमन म्हणाले होते. कुणाच्या घरी? ओढ्याच्या पलीकडं. आणि तिच्या हातचे लाडू सगळ्या गावाच्या पोरांनी खायचे, असा ठराव सगळ्या गावानं हात वर करून एकमतानं मंजूर केला होता. चेअरमनांनाही ते कळलं. त्यांनी उगाच मिशी कुरवाळली आणि सभा संपल्याचं सांगितलं. डॉक्टर बिचारा मला म्हणाला, "बाई, किती समंजस गाव आहे!"

घरी आल्यावर मायनं बरण्या कोपऱ्यात आदळल्या. "कोन खानार माजा लाडू? गोळीला हात न्हाय, लाडवाला हात हाय. तुज्या डाक्टराला सांग, दातापायी त्यानं माजं पोट मारलं."

मी म्हणाले, "माय, ठराव झालाय. आता तू लाडू नाही केलेस तर तूच मोडलास असं होईल."

"म्या मोडू? मला कोन मोडू देतंय? इतकी वर्सं मोडलं न्हाय म्हून तर बसलेय." असं म्हणत तिनं शेंगदाण्यांचा डबा काढला. माझ्या मायचं हे असं होतं. नाही म्हणता म्हणता तिचे हात कामाला लागलेले असायचे. त्या संध्याकाळी आमच्या घरात दाणे भाजल्याचा असा वास सुटला की शेजारच्या तीन बाया काही ना काही निमित्तानं डोकावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बरण्यांच्या जागी एक परात आली. एका बाजूला गूळ घातलेले दाण्याचे लाडू, दुसऱ्या बाजूला मीठ-मिरची लावलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या. वर स्वच्छ पांढरं फडकं. माय नवं लुगडं नेसून ताठ बसली होती. सुट्टीची घंटा झाली. मी खिडकीत उभी राहिले. आमच्या वस्तीतली पोरं धावत गेली आणि त्यांनी घेतलं. बाकीची पोरं थोड्या अंतरावर थांबली. वास तर त्यांच्यापर्यंत जात होता, नाकं वर झाली होती, पण पाय पुढं पडत नव्हते. मग चेअरमनची नात पुढं आली. दुसरीतली पोरगी, पुढचे दोन दात पडलेले, बोलण्याच्या बाबतीत थेट आजोबांवर गेलेली. ती स्पष्ट म्हणाली, "घरी सांगितलंय, तुमच्यातलं खायचं न्हाय. गोळ्या कधी आननार?"

"बरं बाळा," एवढंच माय म्हणाली.

मला रडू आलं. मी फळ्याकडं वळले आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला. आणि त्या पोरीचा रागही येईना, कारण तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं.

पुढं रोज तसंच. रोज परात जायची आणि जवळजवळ तशीच परत यायची. डॉक्टर मात्र रोज येऊन एक लाडू खायचा आणि बोटं चाटायचा. मायला त्याचं कौतुक नव्हतं. "त्यो परगावचा. त्यानं खाल्लं काय आन् न्हाय काय." त्याला खरी अडचण कळतच नव्हती. पोरं घेत नाहीत म्हणजे चवीत काहीतरी कमी असणार, असं धरून तो एकदा वेलदोड्याची पुडी घेऊन आला. मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला आणि पुडी तशीच ठेवून निघून गेला. उरलेले लाडू आम्ही दोघी खात होतो. त्या हिवाळ्यात माझ्या सगळ्या पोलक्यांच्या शिवणी मला उसवाव्या लागल्या. गावात ताकदीचा ठराव फक्त माझ्या अंगी लागला.

मग कानावर आलं की लोक चेअरमनांकडं खेपा घालतायत. ठराव मागं घ्या म्हणतायत. मागं घेणं त्यांना जमणार नव्हतं, कारण तालुक्याच्या बैठकीत त्यांची आपल्या गावाबद्दल फुशारकी मारून झाली होती आणि साहेबांनी पाठ थोपटली होती. मग कुणीतरी तोडगा काढला. लाडू चेअरमनांच्या घरच्या बायकांनी करायचे आणि फाटकावर दुसरी कुणी बसवायची. ठराव पण राहील आणि घराघरांचं सोवळंही राहील. चेअरमन हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. "येळअमावस्या होऊ द्या, मग बघू," एवढंच म्हणाले होते. म्हणजे मायची जागा येळअमावस्येपर्यंत होती.

येळअमावस्या आमच्याकडची. पुण्याच्या माणसाला ती सांगावी लागते, आमच्याकडं सांगावी लागत नाही. पौषाच्या तोंडाशी जोंधळा माणसाहून उंच झालेला असतो आणि त्या दिवशी अख्खं गाव शेतात जाऊन जेवतं. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. कडब्याची खोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, आंबील शिंपडत, अर्धं कानडी अर्धं मराठी असं काहीबाही ओरडत शेताला फेरी घालायची आणि मग जेवायचं. त्या दिवसाची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, पालक, मेथी, कांद्याची पात, चिंच, हिरवी मिरची, जे शेतात असेल ते सगळं एका हंड्यात बेसन लावून शिजवायचं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. डॉक्टरला ताकद मोजायची होती ना, तर ती त्या हंड्यात होती. आणि रीत अशी की बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून बसवायचं. त्या दिवशी वाढणाऱ्याला कुणी नाही म्हणायचं नसतं. वाट चुकून आलेला एस.टी.चा कंडक्टरसुद्धा तीन शेतांत जेवल्याशिवाय सुटत नाही.

शेत नसलेल्यांचं बोलावणं ठरलेलं असायचं. आमचं चेअरमनांच्या शेतात. आम्ही खोपीच्या पलीकडच्या अंगाला बसत असू, आणि वाढायला काही कमी करत नसत, हेही खरं. मात्र बोलावलेल्यानं सोबत काही नेण्याची रीत नव्हती. त्या वर्षी मायनं टोपलीत लाडू भरले, वर फडकं टाकलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

"माय, हे कशाला?"

"उरल्यात. घरी ठिवून मुंग्याला घालू?"

मी त्या दिवशी जेवले ते अजून आठवतं. भज्जी दोनदा घेतली, खीर दोनदा घेतली, आंबील किती घेतली ते माझ्या पोटालाच ठाऊक. जोंधळ्यातून गार वारा येत होता, बाभळीला झोका बांधला होता, पोरं किंचाळत होती, आणि चेअरमन बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दम देत होते, "आज न्हाय म्हनायचं न्हाय! बसा खाली!" डॉक्टरही सापडला होता. चौथ्या शेतात जेवून तो पाचव्यात आला होता आणि हात जोडून उभा होता. त्याला खांद्याला धरून बसवण्यात आलं. मला इतकं हसू येत होतं की मायच्या जागेची काळजी मी घासाघासाला विसरत होते.

झोक्यावरून उतरून चेअरमनची नात आमच्या बाजूला आली. टोपलीचं फडकं बाजूला सरलेलं होतं. तिनं आत बघितलं, मायकडं बघितलं आणि तिथूनच जोरात हाक मारली, "आज्या! आज कुनाचंबी खायचं असतंय ना?"

चेअरमन आंबिलीची वाटी हातात घेऊन उभे. एवढा वेळ त्यांनीच सगळ्यांना दम भरला होता. त्यांनी नातीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. बायको हंड्यात डाव फिरवत राहिली, वर बघेना. शेवटी ते म्हणाले, "व्हय."

मग काय! टोपलीवर धाड पडली. जी पोरं इतके दिवस लांबून वास घेत उभी होती ती आज एकमेकांच्या अंगावर चढत होती. माय दोन्ही हातांनी वाटत होती. "सरका रं, समद्यांला हाय, ढकलू नगंसा!" तिचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. चेअरमनची नात पुढचे दात नसल्यामुळं लाडू बाजूच्या दाढांनी फोडत होती आणि कूट तिच्या झग्यावर सांडत होतं. बायका बघत होत्या. कुणी उठून पोराचा हात धरला नाही.

चेअरमन जवळ आले. नातीच्या तोंडाकडं बघून त्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं असावं. ते खाण्याचे भारी शौकीन होते. त्यांनी हात पुढं केला. "दे बघू येक."

मायनं टोपलीवर फडकं ओढलं.

"न्हाय," ती म्हणाली. "आज न्हाय देत."

येळअमावस्येला कुणी नाही म्हणालेलं मी तोवर ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलेलं नाही. चेअरमनचा हात तसाच पुढं राहिला. माय उठून उभी राहिली. ती त्यांच्या छातीएवढी होती, पण मला त्या वेळी ती उंच दिसली.

"आज समदेच समद्यांचं खात्यात, अण्णा. लेकरांचं ठीक हाय. तुमी उद्या शाळेपुढं या. दिवसाउजेडी, समद्यांदेखत इकत घ्या आन् तिथंच खा. ठराव तुमचाच हाय."

चेअरमन वळले आणि हंड्याकडं गेले. डॉक्टर खिरीची वाटी धरून आमच्याकडं बघतच राहिला. मला एकाच वेळी भीती वाटत होती आणि मायला मिठी मारावीशी वाटत होती. घरी येताना वाटेत तिचे पाय भरभर पडत होते. म्हणाली, "लई बोलले का गं म्या?" मी म्हणाले, "व्हय." ती म्हणाली, "बरं झालं." आणि थोडं पुढं गेल्यावर, "येतील का गं?" ते आले नसते तर परवापासून फाटकासमोर दुसरी कुणी बसली असती, एवढं आम्हा दोघींनाही स्पष्ट होतं.

दुसऱ्या दिवशी मायनं ताजे लाडू वळले. शाळेपुढं त्या दिवशी सगळ्या गावाला काम निघालं होतं. कुणी सायकलची साखळी बसवत होता, कुणी कुंपणाला टेकून बिडी पेटवत होता आणि ती पेटतच नव्हती, दोघी बायका कळशा घेऊन उभ्या होत्या, आणि आड तर दुसऱ्या बाजूला होता. हेडमास्तरांनी प्रार्थना मुद्दाम लांबवली. पोरांना मैदानातच उभं ठेवलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मला त्या दिवशी हेडमास्तर फार आवडले.

दुधाचा टेम्पो गेला तशी चेअरमन वळणावर दिसले. धुतलेलं धोतर, पांढरा फेटा, लग्नाला निघाल्यासारखे. इकडंतिकडं न बघता ते सरळ परातीपुढं आले, खिशातून नाणं काढलं आणि मायच्या हातावर ठेवलं. मायनं फडकं काढलं, आपल्या हातानं एक लाडू उचलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सवयीनं उजेडात धरून पाहिला. मग अर्धा तोंडात टाकला.

ते चावत होते आणि सगळं गाव त्यांच्या मिशीकडं बघत होतं. उरलेला अर्धाही गेला. हात झटकले. घसा खाकरला. आता काहीतरी मोठं बोलणार असं सगळ्यांना वाटलं, आणि ते म्हणाले, "गूळ कमी पडलाय. आन् दानं बी जरा जास्तीच भाजल्यात."

मायनं तडक तोंड उघडलं. "अण्णा, तुमच्या दुधात पानी किती असतं ते म्या कवा काडलं का? खाल्ला न्हवं अख्खा? मग!"

आधी हेडमास्तर हसले. मग बिडीवाला हसला, मग कळशीवाल्या, आणि मग सगळं पटांगण. चेअरमन स्वतःसुद्धा मिशीत हसले आणि म्हणाले, "दुसरा दे. येकावरून चव कळत न्हाय." त्यांच्या मागं त्यांची नात मुठीत पैसे घेऊन उभी होतीच. तिच्या मागं आणखी कुणी, त्याच्या मागं आणखी कुणी. प्रार्थना संपल्याचं हेडमास्तरांनी सांगितलंच नाही, पोरं आपणच सुटली. परात मधल्या सुट्टीआधीच रिकामी झाली.

एका लाडवानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. आड वेगळे होते ते पुढंही वर्षानुवर्षं वेगळेच राहिले, आणि दोन-तीन घरांतली पोरं शेवटपर्यंत आली नाहीत. पण मायच्या जागेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या ऐवजी दुसरंच सुरू झालं. रोज कुणी ना कुणी आई तिला गाठून तक्रार करायची. लाडू कडक झाला होता, माझं पोर दात धरून बसलं. घुगऱ्यांत मीठ जास्त. आज तीळ का नाही घातले? माझी आई असती तर तिनं वेलदोडा घातला असता. माय एकेकीशी कमरेला पदर खोचून भांडायची आणि संध्याकाळी घरी येऊन मला सगळं साग्रसंगीत ऐकवायची, कोण काय म्हणालं आणि तिनं काय सुनावलं. तिच्या उभ्या आयुष्यात गाव पहिल्यांदा तिच्या हातच्या खाण्याला नावं ठेवत होतं, आणि ती इतकी खूश असलेली मी कधीच पाहिली नव्हती.